सोळा बोल्ट आणि यशोदाबाईची वाटी

१

“माझी वाटी आधी दे सावळीराम, मग तुमचा तो उपग्रह पडो नायतर उडो.” यशोदाबाईने पळी काउंटरवर आपटली. “बुधवारपासून मागतेय, कँटीनचं हरवलेलं भांडं तुझ्याच स्टोअरात सापडतं. आज शनवार हाय.”

“मावशी, हळू बोला.” स्टोअरवाल्या सावळीरामने दाराकडे बघितलं. “एका वाटीसाठी किती जीव खाता? दोन नव्या आणून देतो. उद्याच, भांडीबाजारातून.”

“नव्या वाटीवर माझ्या मामाचं नाव असणारे का? लग्नात दिलेली हाय ती.”

“नाव कोरून देतो ना.”

“तू?” यशोदाबाई आजूबाजूला कोणी ऐकतंय का ते बघून हसली. “डब्यातली लिंबाची फोड जो दुसऱ्याला देत नाय, तो मला दोन वाट्या देणार. काय रे, तब्येत बरी हाय ना?”

सावळीराम चहा तसाच ठेवून निघून गेला.

वाळू गांगुर्डे कँटीनच्या दारात उभा राहून हे ऐकत होता. उभा म्हणायचं आपलं. एका जागी दोन मिनिटं थांबणं त्याच्या रक्तातच नव्हतं. तो टाचा उचलायचा, खिशातली बडीशेप चघळायचा, खिडकीतून वाकून बघायचा, पुन्हा दारात यायचा. नववीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले होते, या पोराच्या खाली कोणीतरी निखारे ठेवलेत. पुढं सातपूरला लेथवर पंधरा वर्षं काढली, डाव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवून आला आणि आता विमा कंपनीच्या सर्व्हेयरसाठी फिरायचा. साहेब पुण्यात बसून रिपोर्टावर सही करायचे. जळालेलं गोडाऊन, उलटलेला ट्रक, फुटलेला बॉयलर, हे सगळं डोळ्यांनी बघून यायचं काम वाळूचं.

उपग्रह मात्र तो पहिल्यांदा बघणार होता.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ‘नभांकुर’ नावाची ही छोटी कंपनी. साठ माणसं, एक मोठा शेड आणि शेडच्या पोटात काचेची बंद खोली. तिला सगळे क्लीनरूम म्हणायचे. आत जायचं तर डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, अंगात पांढरा झगा, हातात मोजे. धुळीचा कणसुद्धा चालत नाही. सहा वर्षं खपून त्यांनी आत एक उपग्रह उभा केला होता. वरून द्राक्षबागांची पानं वाचणारा, कुठं रोग पडलाय ते सांगणारा. जानेवारीत तो उडणार होता.

आता तो फरशीवर आडवा पडला होता. एक पंख मुडपलेला, कॅमेऱ्याचं तोंड आत गेलेलं. वाळूला लहानपणी तारेत अडकलेला बगळा बघितल्याचं आठवलं.

“काल सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी पडला,” अमित म्हणाला. हा प्रकल्पाचा मुख्य इंजिनिअर. चाळिशीचा, रात्रभर न झोपलेला, पण दाढी मात्र स्वच्छ केलेली. “हा पाळणा बघा. उपग्रह यावर उभा बसवतात, खालच्या कड्याला सोळा बोल्टांनी जखडतात, आणि मग हे चाक फिरवून हळूहळू आडवा करतात. अर्ध्यावर आला आणि घसरला.”

वाळू खाली वाकला. पाळण्याच्या कड्याभोवती चंदेरी कापडाची झालर होती. त्याने ती मोजे घातलेल्या हाताने वर केली. एक, दोन, तीन करत तो गोल फिरला.

सोळा भोकं होती. एकातही बोल्ट नव्हता.

२

“बोल्ट चोरीला गेलेत,” केबिनचं दार लावत अमित म्हणाला. “टायटॅनियमचे होते. बाजारात चांगला भाव येतो. बुधवारी लावले आणि गुरुवारच्या सुट्टीआधी काढले. लावणारा आणि काढणारा एकच.”

“कोण?”

“रवी पगारे. कंत्राटी फिटर. पाळणाही त्यानेच फिरवला. सकाळपासून चौकीवर बसवलाय. पाच वाजता आम्ही लेखी तक्रार देतोय. तुमचा कागद सोबत जोडला की काम झालं.”

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. वाळू बसला नाही, खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिला. त्याला तीनच बोटं वाजवता येत होती, त्यामुळं ताल चुकल्यासारखा वाटायचा.

“ज्याने बोल्ट काढले तोच चाक फिरवेल का साहेब? जे पडणार ते त्याच्याच अंगावर.”

“चोराला एवढी अक्कल असती तर तो चोर झाला असता का?”

अमितने चेकशीट पुढं सरकवलं. वाळूने वाचलं. बुधवार, संध्याकाळी चार दहा. सोळा बोल्ट आवळले. टॉर्क पाना क्रमांक सात. फिटरची सही, रवी पगारे. तपासणाऱ्याची सही, अमितची. टॉर्क पाना म्हणजे किती जोर लावायचा ते आधी ठरवून देणारा पाना, हे लेथवाल्या वाळूला सांगायची गरज नव्हती. त्याने कागद उजेडात धरला. रवीची सही निळ्या शाईची. बाकी सगळं काळ्या.

“दोन पेनं?”

“असेल. एक संपलं असेल.”

“तुम्ही तपासलं म्हणून सही केली. बोल्ट बघितले?”

अमितने चष्मा काढून पुसला. “मी बुधवारी मुंबईत होतो, मीटिंगला. पाचला आलो तेव्हा सगळे गेले होते. कागद पूर्ण होता, फिटरची सही होती. मी पुढं सही केली. सगळीकडे असंच चालतं.”

“आणि रवीच का? दुसरं कोणी नाही?”

“बुधवारी खंडेनवमी होती. शेडमध्ये हत्यारांची पूजा असते. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी इथं कोणी हात लावत नाही, मी किती वेळा सांगून बघितलं. पण रवीला तसलं काही नाही. तो पूजेला नसतोच.” अमित थोडा थांबला. “तो मानत नाही. तुम्हाला कळलं ना मी काय म्हणतोय?”

वाळूला कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. राग आला की त्याचं आधी तेच व्हायचं.

“नाही कळलं,” तो म्हणाला. “पण विचारून येतो.”

३

कुंभमेळ्याच्या तयारीत रस्ते असे खणले होते की दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागला. वाळू सिग्नलला, जेसीबीला आणि समोरच्या रिक्षाला अशा तिघांना शिव्या घालत चौकीवर पोचला.

रवी पगारे बाकावर बसला होता. सव्वीस-सत्तावीसचा, निळा शर्ट इस्त्रीचा. त्याच्या शेजारी एक डबा होता, न उघडलेला.

“खाल्लं नाही?”

“आईनं पाठवला. उघडला तर ती समजेल मी जेवलो म्हणजे सगळं ठीक हाय.” त्याने वर बघितलं. “तुम्ही कोण?”

“विम्याचा माणूस. बोल्ट कुठं विकले?”

“विकायला हातात तर पाहिजे होते. मी एकही बोल्ट लावला नाय, मग काढणार कुठून? बुधवारी अकराला पूजा झाली. बाराला मी झगा घालून आत गेलो, तर बोल्टचा ट्रे रिकामा. म्हटलं स्नेहल मॅडमने तपासायला नेले असतील, त्या क्वालिटीच्या आहेत, नेतात. तेवढ्यात सगळ्यांना सुट्टी दिली. दोनला मी नाशिक रोडला घरी.”

“मग काल चाक का फिरवलं?”

“साहेबांना विचारलं होतं. बोल्ट कोणी लावले, म्हटलं. ते काचेपलीकडून म्हणाले, झालेत, कागद तयार हाय, फिरव. झालर खाली होती. मला वाटलं मॅडमने दुसऱ्या कोणाकडून लावून घेतले.” त्याने हात चोळले. “झालर वर करून बघायला पाहिजे होतं. ती चूक माझी. तेवढी मी मानतो. पण चोर नाय मी. आमच्या कॉलनीत पोरं मला विचारतात, दादा, तुझा उपग्रह कधी उडणार? उद्यापासून काय विचारतील?”

“कागदावर तुझी सही आहे.”

“सोमवारी घेतात. कोऱ्या कागदांवर, आठवड्याच्या एकदम. सहीसाठी बाहेर यायचं म्हणजे झगा काढा, मोजे काढा, परत घाला, अर्धा तास जातो. म्हणून आधीच.” तो कडू हसला. “सगळेच करतात. निळ्या पेनने. ते स्टोअरमध्ये दोरीला बांधलेलं असतं.”

हवालदाराने घड्याळाकडे बोट दाखवलं. वाळू उठला, दारापर्यंत गेला, परत आला.

“कागदावर लिहिलंय, चार दहाला सात नंबर पान्याने आवळले.”

रवीने मान झटकन वर केली. कागद त्याला कोणी दाखवलाच नव्हता, हे त्याच्या तोंडावरून दिसलं.

“सात नंबर?” तो म्हणाला. “काका, बाकी काही नका करू. जाऊन फक्त सात नंबर बघा.”

४

हत्यारांच्या कपाटाची किल्ली सावळीरामकडे होती. कुलूप उघडताना त्याने दोनदा चुकीची किल्ली लावली.

सात नंबर वरच्या कप्प्यात होता. हातभर लांब, चकचकीत. डोक्यावर हळदीकुंकवाचं बोट, त्याला चिकटलेले दोन अक्षतांचे दाणे. आणि जिथं जोर ठरवायची कडी फिरते, बरोबर त्या कडीवरून दांड्यापर्यंत लाल नाडा गुंडाळलेला, वर गाठ.

“ही गाठ कोणाची?”

“माझी. दुहेरी मारतो मी, वडिलांनी शिकवलेली.” सावळीरामने गाठ निरखली. “हो, तीच हाय. बुधवारी अकराला बांधली. पान्यांतला हा मोठा, म्हणून दरवर्षी याचा मान.”

“नंतर सुटली होती?”

“सोडत नाय आम्ही. हत्यार आत न्यायची वेळ आली की कापतो. काल सकाळी आठला पूजा उचलली तेव्हा हा असाच कपाटात ठेवला.”

वाळूने नाडा न सोडता कडी फिरवून बघितली. हलली नाही. नाडा असताना या पान्यावर जोर ठरवताच येत नव्हता, आणि जोर न ठरवता बोल्ट आवळता येत नव्हता. म्हणजे बुधवारी चार दहाला या पान्याने काही झालंच नव्हतं. कागद खोटा होता.

त्याच्या डोक्यात पुढची गोष्ट उसळली, आणि तो तिथंच येरझारा घालायला लागला. खोटं लिहिणाऱ्याने सातच आकडा का टाकला? कपाटात नऊ पाने होते. ज्याने हा नाडा बांधलेला बघितला, तो दुसरा कुठलाही आकडा टाकेल, हा सोडून.

“पूजेला कोण नव्हतं?”

“शेडमधले सगळे होते,” सावळीराम म्हणाला. “म्हणजे अमित साहेब मुंबईला. आणि रवी… तो काय पूजेत येत नाय.”

दोन नावं. आणि त्यातल्या एकावर सगळ्या कंपनीचं बोट. वाळू पाय आपटत कँटीनमध्ये आला. तिथं यशोदाबाई भांडी घासत होती.

“मावशी, पूजेचा फोटो आहे का कोणाकडं?”

“आमच्या ग्रुपवर हाय की, साहेब नाय त्यात.” तिने ओला हात पदराला पुसला आणि फोन काढला. “हा घ्या. कसे उभे राहिलेत बघा, जसं काय लग्नच लागलंय.”

फोटोत क्लीनरूमबाहेरची कपडे बदलायची जागा होती. लाल कापडावर सात नंबर पाना, क्रेनचं रिमोट, दोन लॅपटॉप, झेंडूचे हार. मागं पंधरा-वीस माणसं हात जोडून. सावळीराम पुढं, आरतीचं ताट धरून. एक चष्मेवाली मुलगी त्याच्या शेजारी. रवी नव्हता.

“रवी कुठं आहे यात?”

“तो कसा दिसेल?” यशोदाबाई म्हणाली. “फोटो त्यानेच काढलाय. तो हात जोडत नाय, मग दरवर्षी फोन त्याच्या हातात देतात. नारळाचा पहिला तुकडा मात्र त्यालाच लागतो. वर नाव बघा ना.”

वाळूने बघितलं. फोटोच्या वर लिहिलं होतं, रवी पगारे, बुधवार, अकरा वीस.

म्हणजे रवीने नाडा बघितला होता. सगळ्यांनी बघितला होता, एक माणूस सोडून.

पण तेवढ्याने रवी सुटत नव्हता. कागद कोणी लिहिला ते कळलं, बोल्ट कुठं गेले ते कुठं कळलं? पाच वाजता ते म्हणतील, कागद चुकला असेल, चोरी झालीच. वाळू फोटोत डोळे खुपसून बसला. बसला म्हणजे खरंच बसला, यशोदाबाईच्या पिंपावर.

लाल कापडाच्या मधोमध, पान्याच्या शेजारी, एक स्टीलची वाटी होती. तांदूळ, वर झेंडू, शिगोशीग.

“मावशी, ही काय?”

यशोदाबाईने फोन हातातून ओढून घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि तिचा आवाज बदलला.

“अगं बाई. ही तर माझी वाटी.”

५

स्नेहल निफाडहून दुपारीच आली होती. वडिलांच्या बागेत छाटणी चालू, म्हणून दसऱ्याला जोडून तिने शुक्रवारची रजा घेतली होती. फोटोतली चष्मेवाली मुलगी तीच, आणि ट्रेमधले बोल्ट तपासायला नेणारीही तीच. वाळूने तिला जिन्यात गाठलं, कारण खोलीत बसून बोलायला त्याच्याकडं वेळ नव्हता. चार वाजत आले होते.

“वाटीत तांदळाखाली काय होतं, मॅडम?”

“कुठली वाटी?”

“यशोदाबाईच्या लग्नात मामाने दिलेली.”

ती जिन्याच्या कठड्याला टेकली. वाळू दोन पायऱ्या चढला, परत उतरला. 

“रवी चौकीवर उपाशी बसलाय,” शेवटी तो एवढंच म्हणाला.

“उपग्रह बाहेर आणता येत नाही,” ती खालच्या आवाजात बोलायला लागली. “आत हळदकुंकू नेता येत नाही. दरवर्षी लोक म्हणायचे, पान्याची पूजा होते, लॅपटॉपची होते, ज्याच्यासाठी एवढं सगळं करतो त्या उपग्रहाचीच होत नाही. आता तर तो उडणार होता. मी म्हटलं, त्याचे बोल्ट तरी ठेवू. पूजेआधी ट्रेमधून काढले, कँटीनमधून वाटी आणली. नुसते बोल्ट बरे दिसेनात, म्हणून वर तांदूळ आणि फुलं घातली.”

“कोणाला सांगितलंत?”

“नाही. मी क्वालिटीची माणूस. क्लीनरूमच्या बोल्टांना कुंकू लावलं म्हणून सांगू कुणाला? विचार केला, शनिवारी येऊन वाटी उचलीन, बोल्ट टाकीत धुऊन, तपासून ट्रेमध्ये ठेवीन. पाळणा तर सोमवारी फिरवायचा होता. सोमवार ठरला होता. शुक्रवारी का फिरवला ते मला अजून माहीत नाही.”

“आज तोंड का नाही उघडलं?”

“आल्याआल्या मी वाटी शोधायला गेले. तिथं काहीच नव्हतं. कापड नाही, फुलं नाहीत, वाटी नाही.” तिने डोळे पुसले. “मग मला वाटलं, खरंच कोणीतरी चोरलेत. रवीनेच की काय. मी काय बोलणार होते?”

वाळूच्या तोंडात चांगली सणसणीत शिवी आली होती. त्याने बडीशेप टाकून ती गिळली.

“हे सगळं लिहून द्या. आत्ता. तुमच्या पेनाने, आणि सही शेवटी करा. कोऱ्या कागदावर नको.”

ती लिहायला बसली तोवर तो जिना उतरला होता. पूजा उचलणारा माणूस त्याला माहीत होता. लिंबाची फोडसुद्धा न देणारा हा माणूस दोन वाट्या द्यायला निघाला होता. तेव्हाच कान टवकारायला हवे होते. वाळू स्वतःवरच चिडला.

स्टोअरला कुलूप होतं. आणि गेटवरून ॲक्टिव्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

६

वाळू धावला. वयाच्या मानानं बरा धावला. गेटच्या आडव्या दांड्यापाशी त्याने गाडीचं हँडल धरलं.

“लवकर निघालास?”

“पंचवटीत काम होतं,” सावळीराम म्हणाला. हेल्मेटच्या आत त्याचा चेहरा घामाने निथळत होता.

“गंगेवर?” नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.

सावळीरामने गाडी बंद केली.  मग उतरला आणि सीट उचलली.

आत लाल कापडाचं गाठोडं होतं. सुकलेला झेंडू, आंब्याची पानं, आणि मधोमध वाटी. तांदूळ बाजूला झाले होते. खाली कुंकवाने माखलेले, करंगळीएवढे बोल्ट. वाळूने मोजले. सोळा.

“निर्माल्य मी दरवर्षी घरी जाताना गंगेवर कलशात टाकतो,” सावळीराम म्हणाला. “काल सकाळी आठला सगळं एकत्र बांधलं आणि डिकीत टाकलं. मला काय माहीत वाटीत काय हाय? मला वाटलं तांदूळ. दहाला उपग्रह पडला. दुपारी म्हणाले बोल्ट चोरीला गेले. संध्याकाळी गंगेवर गाठोडं सोडलं तर वाटीतून खणकन आवाज आला.”

“मग?”

“मग काय. चोरीचे बोल्ट माझ्या डिकीत. एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं, एक वॉशर इकडचा तिकडं नाय केला. कोण ऐकणार माझं? म्हटलं टाकून देऊ पाण्यात. दोनदा हात उचलला.” त्याने हात पुढं करून दाखवला, जणू अजून तसाच उचललेला होता. “नाय झालं. रवीचं तोंड आलं समोर. परत बांधून घरी नेलं. आज परत टाकायला निघालो होतो. आज टाकले असते की नाय, देवालाच माहीत.”

“पुजलेली वस्तू, आणि पोरगा चौकीत,” वाळू म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, वॉचमन बघायला लागला. “काय म्हणतात रे याला तुमच्या पंचवटीत?”

सावळीराम खाली बघत म्हणाला, “चला चौकीवर. सांगतो मी.”

“थांब. आधी वरचा हिशोब राहिलाय.”

७

अमित तक्रारीच्या कागदांना स्टेपलर मारत होता. चार वाजून चाळीस मिनिटं. वाळूने वाटी टेबलावर ठेवली. कुंकू सांडून पांढऱ्या कागदावर पसरलं.

अमितने बोल्ट बघितले. त्याचा हात स्टेपलरवरच राहिला.

“कोणाकडे मिळाले?”

“देवाकडे. चोरी झालीच नाही.” वाळूने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, स्नेहलचा कागद, सावळीरामची डिकी. “आता चार दहाचं तुम्ही सांगा.”

“ते रवीने…”

“रवीने नाही. कागदावर सात नंबर लिहिलाय. बुधवारी अकराला सातवर नाडा बांधला, तो अजून तसाच आहे. रवीने त्याचा फोटो काढला. सावळीरामने बांधला, स्नेहल शेजारी उभी होती. बाकीचे हात जोडून बघत होते. या शेडमध्ये सात नंबर लिहिण्याची चूक करू शकेल असा एकच माणूस होता, जो त्या दिवशी मुंबईत होता.”

अमितने चेकशीट जवळ ओढलं.

“दुसऱ्या पान्याने आवळले असतील, असं…”

“आवळलेच नव्हते साहेब. हे बघा ना, वाटीत आहेत.”

अमितने चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून बसला.

“पाचला आलो. सगळे गेलेले,” तो हळू म्हणाला. “गिऱ्हाईक सोमवारी येणार म्हणून मला शुक्रवारीच फिरवायचा होता. बुधवारच्या कामात बोल्ट होते. मला वाटलं, रवीने लावलेच असणार. तो कधी काम अर्धवट सोडत नाही. कागद कोरा होता, सही होती. नेहमी सात वापरतात म्हणून सात लिहिलं.”

“आणि चार दहा?”

“काहीतरी वेळ लिहायची होती.”

वाळूला आधी वाटलं होतं, या क्षणाला आपण टेबल उलटं करू. तसं झालं नाही. समोरचा माणूस खोटारडा होता, पण सहा वर्षं त्यानेही त्या काचेआड काढली होती.

“कधीही काम अर्धवट न सोडणारा पोरगा,” तो म्हणाला, “पडल्यावर चोर कसा झाला?”

 अमितने दुसरंच काढलं. “बसा गांगुर्डे. पाच मिनिटं बसा. इथं साठ माणसं आहेत. मुख्य इंजिनिअरने खोटा कागद केला असं तुम्ही लिहिलंत तर विमा मिळणार नाही. कंपनी बंद पडेल. चोरी लिहिली तर सगळे वाचतील. रवी कंत्राटी आहे, त्याला मी दुसरीकडे चिकटवून देतो. वकील देतो. तुम्ही फक्त…”

“साठांत तो नाही का?”

“तसं नाही म्हणत मी.”

“सकाळपासून तुम्ही तेच म्हणताय. तो मानत नाही, तो कंत्राटी, तो दुसरीकडे.” वाळूच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. “तुमच्या सगळ्या शेडने हत्याराला हात लावायचा नाही म्हणून हात जोडले. त्याने जोडले नाहीत, फोटो काढला. आणि आज तोच फोटो त्याला सोडवतोय. मी जे बघितलं ते लिहिणार. विम्याचं काय व्हायचं ते पुण्यातले साहेब बघतील.”

त्याने चेकशीट उचललं, घडी घालून खिशात टाकलं. स्नेहल दारात उभी होती, हातात चार पानं, खाली सही, सगळं एकाच शाईत. तिने ती पानं अमितकडे न बघता वाळूला दिली. अमित उठायला गेला आणि पुन्हा बसला. तक्रारीच्या कागदावरचं कुंकू तो बोटाने पुसत होता. ते आणखीच पसरत होतं.

खाली सावळीराम हेल्मेट घालून गाडीपाशी उभा होता. पाचला दहा कमी. पुढं तो खणलेला रस्ता, जेसीबी, सिग्नल. वाळूने वाटीला लाल कापड गुंडाळलं आणि आपल्या मोटारसायकलला किक मारली. तेवढ्यात कँटीनमधून यशोदाबाई ओल्या हातांनी धावत आली.

“अहो विमावाले. सापडली म्हणे माझी वाटी. द्या की.”

“पुरावा आहे मावशी, चौकीतून परत आणतो.”

“कधी?”

“रवीबरोबर. त्याच्याच हातात देतो, पोहे भरून ठेवा, सकाळपासून जेवला नाही तो. आता बाजूला व्हा, मला निघायला पाहिजे.”